संपादकांना गृहपाठ

देवमन गावंडे सर लेखक व्हायला निघाले, त्यात पहिला बळी दुधाचा गेला.

शकुनताईंनी त्यांना गॅससमोर उभं केलं होतं, "नजर हालवू नका" असं बजावून. सरांनी नजर हालवली नाही. पण डोळे जिथं असतील तिथंच सर असतील याची काही गॅरंटी नसते. हातात पुण्याहून आलेलं पाकीट होतं, आणि पातेल्यातल्या सायीवर सरांना बडनेऱ्याचं रेल्वे स्टेशन दिसत होतं. प्लॅटफॉर्मवर पुस्तकांचा ठेला. ठेल्यावर राशिभविष्य आणि लोणच्याच्या कृती यांच्या मधोमध एक निळं पुस्तक: 'एक गुरुजी, चार वर्ग. लेखक: देवमन गावंडे.' धुकं पडलंय, गाडी उभी आहे, आणि कानाला मफलर गुंडाळलेला एक खेड्यावरचा गुरुजी ते पुस्तक उचलून म्हणतोय, 'अरे बाप्पा, हेच तं मी शोधून राहिलो होतो!' तेवढ्यात गाडी फुस्स करते...

गाडी नव्हती ती. दूध होतं.

"अवो!" शकुनताई धावत आल्या. "उभं केलं तं उभ्या उभ्या झोपले का काय तुमी?"

"झोपलो नाई. बडनेऱ्याले गेलो होतो."

"मंग येताना दूध घेऊन याचं होतं न!"

सर अमरावतीच्या एका डी.एड. कॉलेजात शिकवायचे. त्या वर्षांत वऱ्हाडात दोनच पिकं जोमात होती: एक डी.एड. कॉलेजं आणि दुसरी सरकारी पॅकेजं. कापसानं तोंड फिरवलं तसं घरोघरी ठरलं की पोराला गुरुजी करायचं. मग ज्याच्याकडं गोदाम होतं त्यानं गोदामात कॉलेज काढलं, ज्याच्याकडं नव्हतं त्यानं आधी गोदाम बांधलं. सरांच्या कॉलेजात अजून पावसाळ्यात सरकीच्या ढेपेचा वास यायचा. त्या वासात सर वीस-बावीस वर्षं एकच गोष्ट शिकवत आले होते. पाठटाचण.

ज्यांनी डी.एड. केलं नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. उद्या वर्गात काय शिकवायचं ते आज कागदावर रकाने पाडून लिहायचं, ते पाठटाचण. गुरुजी काय बोलतील ते एका रकान्यात, पोरं काय उत्तर देतील ते दुसऱ्यात. पोरांचं उत्तर आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं असतं. पोरं दुसरंच काही बोलली तर चूक पोरांची.

आणि या चकचकीत कारभारात श्यामनं खडा टाकला. श्याम सरांचा आवडता विद्यार्थी. त्याला नोकरी लागली अंजनगाव सुर्जीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी, एका खोलीच्या शाळेत. पहिली ते चौथी, आणि गुरुजी हा एकटा. पहिल्याच आठवड्यात त्यानं फोन केला.

"सर, चार वर्ग एकाच खोलीत हायेत. उद्या सकाळी पहिले काय करू?"

"पाठटाचण काढ," सर सवयीनं बोलून गेले.

मग श्याम म्हणाला, "एक काढू का चार, सर?"

पोरगं टोमणा मारत नव्हतं. खरंच विचारत होतं. म्हणूनच ते सरांना बाभळीच्या काट्यासारखं रुतलं. कारण कॉलेजात लागण्याआधी सरांनी स्वतः अशाच एका खोलीत पाच वर्षं काढली होती, आणि तिथं काय करायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. फक्त ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं म्हणून त्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही. श्यामला उत्तर द्यायचं होतं. फोनवर मावेल असं ते नव्हतं, पुस्तकच लागणार होतं. आणि गुरुजींसाठी पुस्तकं काढणाऱ्या पुण्याच्या एका प्रकाशनानं कळवलं होतं: 'या वर्षी एकच नवीन पुस्तक घेणार आहोत. प्रस्ताव घेऊन यावे. दिवाळीनंतर अकोल्याला प्राध्यापकांची परिषद आहे, तिथे आमच्या संपादक भेटतील. सोबत अनुक्रमणिका आणि एक नमुना प्रकरण आवश्यक.'

ही बातमी गल्लीत पसरायला दुधाच्या वासाइतकाच वेळ लागला.

पहिले आले नत्थुजी. शेजारचे, एका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नत्थुजी निवृत्त झाले होते, पण त्यांच्यातला अव्वल कारकून अजून सेवेत होता. घरी नातवाला चॉकलेट द्यायचं तरी ते आधी 'अर्ज कर' म्हणत.

"प्रस्ताव म्हणता तं मंग जोडपत्रं कोठी हायेत?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"कायची जोडपत्रं?"

"सर, तुमी शिकले, पण तुमाले कागद नाई समजला. रहिवासी दाखला. चारित्र्याचा दाखला. पुस्तक सोताच लिवलं, कोणाचं चोरलं नाई, याचं प्रतिज्ञापत्र. पोलीस पाटलाचं पत्र की मजकुरात काही वावगं नाई."

"अमरावती शयरात पोलीस पाटील कोठून आणू?"

"तुमच्या गावचा आणा न. मजकूर गावाकडचाच हाय नं? तं मंग!"

"अवो, दोन ओळी लिवा," शकुनताई आतून ओरडल्या, "की मले पुस्तक लिवाचं हाय, अन् हे असं असं हाय."

नत्थुजींनी आतल्या दिशेनं दयेनं पाहिलं. "दोन ओळीच्या कागदानं आजलोक कोणाचं भलं झालं, वैनी? कागद जितका जाड, तितकं काम हलकं."

शकुनताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. म्हणूनच कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर प्रतिज्ञापत्रासाठी कचेरीत गेले. खिडकीवरच्या बाबूनं वर न बघता विचारलं, "गाय का विहीर?"

"मी प्रस्ताव..."

"तेच इचारून राहिलो न. गायीचा का विहिरीचा?"

त्या बाबूचाही काही दोष नव्हता. त्या दिवसांत पॅकेजातून शेतकऱ्यांना गाय नाही तर विहीर मिळायची, त्या खिडकीतून तिसऱ्या कशाचा प्रस्ताव गेलाच नव्हता. सरांनी 'पुस्तकाचा' म्हटल्यावर बाबूनं पहिल्यांदा मान वर केली, आणि मागं ओरडून विचारलं, "साहेब, पॅकेजमंधी पुस्तक आलं का हो?" मागून आवाज आला, "आलं असंन. घेऊन ठेव." बाबूनं घेऊन ठेवलं. कुठं ठेवलं, तर संकरित गायींच्या गठ्ठ्यात. तो कागद गायींतून सोडवायला सरांना दोन चकरा पडल्या, आणि सुटला तेव्हा त्यावर गोल शिक्का होता आणि बाजूला लाल शाईत लिहिलं होतं: 'गोठ्याची पाहणी बाकी.'

नत्थुजींनी तो शिक्का उजेडात धरून पाहिला. "वा! आता हा कागद झाला."

एवढं सगळं झाल्यावर सर प्रस्ताव लिहायला बसले. पेन उघडलं. समोर कोरा कागद. खिडकीतून बडनेरा दिसायला लागलं. मफलरवाला गुरुजी आला, पुस्तक उचललं, या खेपेला त्यानं दोन प्रती घेतल्या, एक मेहुण्यासाठी. सर तिकडं रमले, आणि इकडं हात आपलं काम करत राहिला. वीस वर्षांची सवय. बैल झोपला तरी गाडी घरीच येते, तसं. सर भानावर आले तेव्हा पान भरलेलं होतं, आणि ते मोठ्या समाधानानं म्हणाले, "आपोआपच सुचत गेलं बाप्पा!"

आपोआप सुचलेलं असं होतं:

'पूर्वज्ञान: संपादकांना मराठी वाचता येते. संपादकांनी शाळा पाहिलेली आहे (लहानपणी).

शैक्षणिक साधने: खडू, फळा, डस्टर, सदर प्रस्ताव.

प्रास्ताविक प्रश्न: शाळेत वर्ग किती असतात? अपेक्षित उत्तर: चार. वर्गावर कोण असते? अपेक्षित उत्तर: शिक्षक. चारही वर्गांवर एकच शिक्षक असेल तर तो काय करील? अपेक्षित उत्तर: (संपादक निरुत्तर होतील.)

हेतुकथन: तर संपादकहो, आज आपण "एक गुरुजी, चार वर्ग" या पुस्तकाची माहिती घेऊ.

शिक्षककृती: लेखक पुस्तकाचे महत्त्व विशद करतील. विद्यार्थिकृती: संपादक हाताची घडी घालून लक्षपूर्वक ऐकतील.

अनुक्रमणिका: प्रकरण पहिले सोबत जोडले आहे, पाहावे. बाकीची त्यानंतर.

गृहपाठ: संपादकांनी एका एकशिक्षकी शाळेत (उदा. श्यामची शाळा, अंजनगाव सुर्जीच्या पुढे, फाट्यावरून पायी) एक दिवस बसून यावे, व काय दिसले ते दहा ओळींत लिहावे.'

सरांना यात काही वावगं दिसलं नाही. माशाला पाणी दिसत नाही तसं.

नमुना प्रकरण मात्र वेगळंच झालं. ते सरांनी दुपारी गच्चीवर लिहिलं. कार्तिकातलं सौम्य ऊन होतं, एका चादरीवर शकुनताईंच्या मुगवड्या वाळत होत्या, दुसऱ्या चादरीवर सर. तिथं रकाने पाडायला पट्टी नव्हती, म्हणून रकाने पडले नाहीत. पहिली ओळ आली: 'वेचणीच्या दिवसांत पोरं शाळेत येत नाहीत, आणि आलीच तर एकटी येत नाहीत.'

मग सर खरोखरच त्या खोलीत जाऊन बसले. आया पहाटेच वावरात जायच्या, कापूस वेचायला. मोठी पोरगी कडेवर धाकट्याला घेऊन शाळेत यायची. पटावर वर्ग चार, पण खोलीत पाच. हा पाचवा वर्ग मांडीवरचा. त्याला पाटी नाही, पेन्सिल नाही, कधीकधी चड्डीही नाही. पण सगळ्या शाळेचं वेळापत्रक त्याच्या हातात. तास संपायची घंटा नव्हती. मांडीवरचं पोर रडलं की तास संपला, ते या मांडीवरून त्या मांडीवर जायचं. जिची मांडी रिकामी झाली ती पोरगी फळ्यापाशी, आणि जिच्या मांडीवर गेलं ती पोरगी बसल्या बसल्या पाढे म्हणून त्याला झोपवणार. झोपलं तर तास चालू. असं करून करून एक दिवस सरांच्या लक्षात आलं होतं की पाढे सगळ्यांत पक्के कुणाचे झाले, तर ज्यांच्या मांडीवर पोर जास्त झोपलं त्यांचे.

सर लिहीत राहिले. ऊन मुगवड्यांवरून सरकत गेलं. मुगवड्या कावळ्यांनी नेल्या. सरांना कावळे दिसले, पण ते त्यांनी शाळेच्या छपरावर बसवले.

टायपिंगला हुसेनभाईंचं दुकान. दुकानाला भारनियमन लागू होतं, हुसेनभाईंच्या उत्साहाला नाही. मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा, तुळशीचं लग्न लागलं की दुकानात उभं राहायला जागा नाही.

"सर, टेन्शन नका घेऊ. असा प्रस्ताव बनवून देतो का पुण्याची मॅडम पाहतच रायली पायजे."

"साधा कर, हुसेनभाई. पांढरा कागद, काळी अक्षरं."

"साधं तं मयताचं कार्ड असते, सर! खुशीचं काम हाय. थोडी किनार लावू. आन् फोटो पायजे तुमचा. असा, कानशिलाले बोट लावून. इचार करून राहिल्यासारखा."

"मी खराच इचार करतो तं बोट नाई लावत."

"मंग लोकायले कसं समजन?"

वीज गेली, आली, गेली. बाहेर तीन नवरदेवांचे बाप खोळंबले होते. हुसेनभाईंनी घाईघाईत एका पत्रिकेचा साचा उघडला, त्यात सरांचा मजकूर भरला आणि वीज परत जायच्या आत छापून टाकला. सर त्या वेळी टेबलाला रेलून बडनेऱ्याला होते, त्यामुळं तपासायचं राहिलं. पानापानाच्या कडेनं मोर नाचत होते. आणि शेवटच्या पानावर, गृहपाठाच्या खाली, पत्रिकेतली एक ओळ तशीच राहून गेली होती. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! चि. पिंट्या, कु. छकुली.'

रविवारी सकाळी नत्थुजींनी सगळे कागद लाल कापडात बांधले, दप्तराची गाठ मारली आणि गठ्ठा सरांच्या मांडीवर ठेवला. उशीएवढा जाड झाला होता. "मी सोता लावले सगळे कागद," ते म्हणाले. "एक कागद इकडचा तिकडं नाई. बिनधास्त जा."

अकोल्याच्या एस.टी.त सरांनी गठ्ठा छातीशी धरला. मूर्तिजापूर गेलं. दोन्ही बाजूंना वावरं पांढरी झाली होती, त्यात लुगड्यांचे रंगीत ठिपके वाकलेले, आणि काचेवर डोकं टेकून सर त्या पांढऱ्यावर निळं पुस्तक ठेवून पाहत होते. चांगलं दिसत होतं.

परिषद होती एका मंगल कार्यालयात. वरच्या मजल्यावर शिक्षणशास्त्र आणि खालच्या मजल्यावर लग्न. दारात फेटेवाल्या एका मामांनी पाहिलं: इस्त्रीचा सदरा, हातात लाल कापडाचा गठ्ठा, गठ्ठ्यातून डोकावणारा मोर. मामांनी काही विचारलंच नाही.

"या या या! आमाले वाटलंच, धामणगाववाले अजून आले कसे नाई!"

"नाई, मी प्रस्ताव..."

"आहेराचं नंतर पाहू, पहिले जेवून घ्या."

वऱ्हाडात पंगतीत बसवलेल्या माणसाला उठून जायची सोय नसते. सर 'नको, नको' म्हणत राहिले आणि 'नको'वर बुंदी पडत राहिली. तोंड पुसून पाहतात तर शेजारचा गठ्ठा गायब. तो स्टेजवर पोचला होता. आहेर लिहिणारा माणूस वहीत लिहीत होता, 'धामणगाववाले: एक साडी, जाड.'

सर स्टेजवर चढले. नवरीकडचे लोक बघत होते, व्हिडिओवाल्यानं दिवा सरांवर मारला. सगळ्यांच्या समोर दिलेला आहेर परत मागणारा पहिला माणूस म्हणून देवमन गावंडे यांची त्या सीडीत कायमची नोंद झाली.

"काहून भाऊ, काही चुकलं का आमच्याकडून?" नवरदेवानं घाबरून विचारलं.

"तुमचं काही नाई चुकलं," सर म्हणाले, "हे माझं पुस्तक हाय."

"मंग राहू द्या न," नवरी हळूच म्हणाली, "मी वाचीन."

सरांना पुढं कित्येक दिवस त्या मुलीची आठवण येत राहिली. तिच्याशिवाय त्या दिवशी कुणी तसं म्हणालं नाही.

वरच्या मजल्यावर दामले मॅडम टेबलामागं बसल्या होत्या, पुण्याच्या प्रकाशनाच्या संपादक, पन्नाशीच्या, सकाळपासून प्रस्ताव ऐकून थकलेल्या. रांगेत प्राध्यापक मंडळी, सगळ्यांच्या हातात बारीक, गुळगुळीत फायली. सरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला तसा मॅडमचा चहा हिंदकळला.

त्यांनी गाठ सोडली. रहिवासी दाखला पाहिला. पोलीस पाटलाचं पत्र वाचलं. 'गोठ्याची पाहणी बाकी' यावर त्या जरा थांबल्या. मग मोर आले. मग पूर्वज्ञान आलं.

"सर, हे... 'संपादकांना मराठी वाचता येते'?"

सरांनी पान बघितलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना रकाने दिसले. पाठीमागून रांगेतल्या कुणीतरी मान लांब करून वाचलं, दुसऱ्याला सांगितलं, आणि 'हाताची घडी घालून' हे शब्द रांगेतून कुजबुजत जिन्यापर्यंत गेले. एक टायवाले प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, आधी घडी घाला. नाई तं सर अंगठे धरून उभं करतील!"

सगळे हसले. सरही हसले. तसं हसणं तोंडाला फार जड जातं.

"यांचं जाऊ द्या," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. "नमुना प्रकरण कुठंय? मला तेच बघायचंय."

सरांनी गठ्ठा उलटला. दाखले निघाले, प्रतिज्ञापत्र निघालं, स्टॅम्प पेपरची झेरॉक्स निघाली, झेरॉक्सची झेरॉक्स निघाली. प्रकरण नव्हतं. सर जिन्यावरून खाली धावले. नवरदेवाच्या मामांनी बिचाऱ्यांनी सगळे आहेर उघडून दाखवले. साड्या, स्टीलचे डबे, चार भिंतीवरची घड्याळं. प्रकरण नव्हतं. वर परत आले तर रांग संपलेली, मॅडमची गाडी खाली हॉर्न मारत होती.

"प्रकरणाशिवाय मी काहीच करू शकत नाही, सर," मॅडम म्हणाल्या. खरंच वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या. आणि गठ्ठ्यातली तेवढीच मोरांची पानं घडी करून पर्समध्ये टाकून त्या गेल्या. पुण्यात जाऊन हसायला नेली असणार, सरांनी ठरवून टाकलं.

परतीच्या एस.टी.त सर बडनेऱ्याला गेले नाहीत. वाटेत खरं बडनेरा आलं, तेव्हाही त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

घरी ओट्यावर नत्थुजी बसलेले. "काय मंग, झालं काम?"

"पहिलं प्रकरण कोठी गेलं, काही समजत नाई."

"जाईन कोठी? माह्यापाशी हाय," नत्थुजी अभिमानानं म्हणाले. "त्याच्यावर एक शिक्का नाई, एक सही नाई. असा उघडावाघडा कागद पाठवू देतो का मी? काढून ठेवला. साहेबाकून साक्षांकित करून घेतो."

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. रागवायचं होतं. पण रागवायलाही अंगात जीव लागतो. "राहू द्या आता," ते म्हणाले, "वरात गेली. घोडं तुमच्याचपाशी ठेवा."

शकुनताईंनी दूध स्वतःच तापवलं.

पुढचे काही आठवडे सर कुठंच गेले नाहीत. देहानं कॉलेजात, मनानंही कॉलेजातच. शकुनताईंना ते फार जड गेलं. नवरा समोर बसलाय आणि खरंच समोरच बसलाय, याची त्यांना सवय नव्हती. एकदा तर त्या म्हणाल्या, "बसा न जरा गच्चीवर. मी वड्या घालते पाहिजे तं." सर म्हणाले, "कावळे नेतात." श्यामचा फोन यायचा, तो सर उचलायचे नाहीत.

डिसेंबर लागला. एका दुपारी ढेपेच्या वासात सर वर्गाला शिकवत होते, फळ्यावर रकाने पाडून शेवटच्या रकान्यात 'गृहपाठ' लिहीत होते. फोन वाजला. श्याम. सरांनी कापला. परत वाजला. पोरं म्हणाली, "उचला न सर." सरांनी उचलला.

"सर, फोन कापू नका बाप्पा! अठी शाळेपाशी लिंबाखालीच रेंज येते, आज शाळाबी फळ्यासकट अठीच भरवली, आन् मी दुसऱ्याच्या कानाले फोन धरून उभा हाय. बोला मॅडम, बोला!"

"गावंडे सर? मी दामले. परतवाड्याला कार्यशाळेसाठी आले होते, तिथून इकडं आले. गृहपाठ झालाय. वाचून दाखवू का?"

सरांच्या हातातला खडू खाली पडला.

"शाळेला भिंती आहेत, घंटा नाही," मॅडम वाचायला लागल्या. मधेच वारा यायचा, मधेच शेळी. "गुरुजी पहिलीला शिकवतात, तेव्हा चौथी तिसरीला शिकवते. दुसरी कोणालाच शिकवत नाही, ती सगळ्यांच्या चुका काढते. गुरुजींनी टाचण काढलं होतं, पण सकाळीच शेळीनं खाल्लं. त्यानंतर शाळा बरी चालली. एका मुलीच्या खिशात कापूस होता. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, धाकट्याच्या उशीला. मग ती फळ्यापाशी गेली आणि जाताना धाकट्याला माझ्या मांडीवर ठेवून गेली. मला विचारलंसुद्धा नाही. दहावी ओळ लिहायची राहिली आहे, कारण तो झोपला आहे आणि माझा उजवा हात त्याच्या डोक्याखाली आहे."

सरांचे डोळे भरून आले होते, काहीतरी बोलायला हवं होतं, आणि अशा वेळी माणूस जे खोल मुरलेलं असतं तेच बोलतो.

"छान," सर म्हणाले. "अक्षर जरा सुधारा."

वर्ग फुटला. फोनमध्येही कुणीतरी हसत होतं, अगदी हळू, मांडीवरचं जागं होऊ नये एवढ्या हळू.

"सर, तुमच्या कागदावर वर्ग चार आहेत. हा कुठल्या वर्गात?"

"मॅडम, तो पाचवा वर्ग. पहिलं प्रकरण त्याचंच हाय."

"मग आहे कुठं ते?"

"नत्थुजीपाशी. साक्षांकित होऊन राहिलं."

"काढून घ्या त्यांच्याकडून! आजच पोस्टात टाका. शिक्के नकोत, दाखले नकोत. पुस्तक आम्ही काढतोय, सर. आणि पिंट्या-छकुलीला सांगा, काकाच्या लग्नाला मी येऊन गेले." वारा आला. मग मॅडम जरा काकुळतीनं म्हणाल्या, "सर, फाट्यावरची शेवटची गाडी निघायला आलीय म्हणतात. पण मला हालता येत नाहीये. तुमच्या शास्त्राप्रमाणं काय करायचं?"

"श्यामले द्या फोन."

"बोला सर," श्याम म्हणाला.

सरांनी डस्टर घेतलं. फळ्यावरचे रकाने पुसत पुसत, आरामात, वीस वर्षं राहून गेलेलं ते बोलले. "ऐक. ते पोरगं झोपलं हाय तोवर तास चालू. रडलं की मांडी बदल. टाचण एक का चार, ते त्याले इचार. आन् मॅडमची गाडी गेली तं जाऊ दे. बाजरीची भाकर घाल त्यायले."

त्या संध्याकाळी नत्थुजींनी प्रकरण परत दिलं, कुरकुरत. "निदान आवक-जावकले नोंद तं करा," म्हणाले.

आणि त्याच संध्याकाळी गावंडे सरांच्या घरी दूध पुन्हा उतू गेलं. सर पळत स्वयंपाकघरात गेले. गॅससमोर शकुनताई उभ्या होत्या. पातेलं फेसाळून ओट्यावर सांडत होतं, आणि त्यांची नजर त्याच्याही पलीकडं, कुठंतरी धुक्यात, लांब.

"अवो," सर हळूच म्हणाले, "कोठी गेल्या होत्या?"

"बडनेऱ्याले," शकुनताई म्हणाल्या. "निळं नाई चांगलं दिसत. पिवळं करा."